गॅरेजच्या दाराची निगा

औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, हें दरवाजांचें शहर म्हणून प्रसिद्ध आहे. मलिक अंबरानें १६१२ मध्यें भडकल दरवाजा उभारला. पुढें १६८२ च्या सुमारास औरंगजेबानें शहरास तट घातला तेव्हां दिल्ली, पैठण, मक्का अशा नांवांचे दरवाजे त्यांत आले. बावन्न दरवाजे हा आंकडा अजूनहि लोकांच्या तोंडीं आहे, जरी त्यांतील बरेच आज उरलेले नाहींत. जवळच्या दौलताबादच्या दरवाजांवर हत्तींची धडक थोपविण्यासाठीं बसविलेले अणकुचीदार लोखंडी खिळे तर शाळकरी मुलेंहि कौतुकानें पाहतात.

त्याच शहरांत, सिडकोच्या वसाहतींत किंवा गारखेड्याकडील बंगल्यांत, मोटारीच्या खोलीला जें दार असतें तें अगदीं निराळ्या जातीचें. तें पत्र्याचें, गुंडाळणारें. व्यवहारांत त्याला शटर म्हणतात. जुन्या दरवाजाचें वजन भिंत झेलीत असे. शटरचें वजन स्प्रिंग झेलते. हा एक भेद ध्यानांत आला म्हणजे त्याच्या निगेचें बहुतेक शास्त्र आपोआप उमगतें.

शटर म्हणजे एकमेकींत अडकविलेल्या पत्र्याच्या अरुंद पट्ट्यांची एक चटईच. तिच्या दोन्ही कडा भिंतीलगतच्या उभ्या खोबणींतून सरकतात आणि वर आडव्या नळीवर ती गुंडाळली जाते. साधारण अडीच मीटर रुंद व तितक्याच उंच दाराचें वजन साठ-सत्तर किलोपर्यंत भरतें. तरीहि घरांतील गृहिणी तें एका हातानें उचलूं शकते. कारण दार खालीं येतांना नळीवरील स्प्रिंगला पीळ बसत जातो आणि वर नेतांना तोच पीळ उलगडून हाताला साहाय्य करतो. दार जसजसें उतरतें तसतसें लोंबणारें वजन वाढतें, आणि तसतसा पीळहि वाढतो. दोन्हींची ही जोडी ज्यानें प्रथम जुळविली त्याच्या कल्पकतेस दाद द्यावी तेवढी थोडीच.

ही जोडी बिघडली आहे कीं नाहीं हें ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. हातानें चालणारें दार कमरेइतकें उचलावें आणि हात न काढतां पकड केवळ सैल करावी. तें जागींच राहिलें तर ठीक. खालीं ओढ घेऊं लागलें तर स्प्रिंग शिथिल झाली आहे. वर उसळूं लागलें तर पीळ जास्त आहे. दार एकाएकीं जड झालें, किंवा वरून खाडकन् आवाज आला, तर स्प्रिंग तुटली असें समजावें. अशा दाराखालून कोणीहि जाऊं नये, मुलांना तर तेथें फिरकूंहि देऊं नये. स्प्रिंगचें काम मात्र घरच्या माणसानें कधींहि हातीं घेऊं नये. पीळ भरलेली स्प्रिंग अचानक सुटली तर हातांतील पहार फिरून मनगट मोडावयास क्षणाचाहि वेळ लागत नाहीं. तेथें शटरचा मिस्त्रीच पाहिजे; चार पैसे वांचविण्याची ती जागा नव्हे.

बाकीची निगा घरींच होते. मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा व धुळीचा. पारा चाळिसाच्या वर जातो. पुष्कळ लोक खोबणींत भरपूर ग्रीस चोपडतात आणि दार गुळगुळीत चालेल अशी आशा करतात. प्रत्यक्षांत त्या ग्रीसला धूळ चिकटते, दोहोंचा खरखरीत लगदा होतो आणि तोच पट्ट्यांच्या कडा खाऊं लागतो. त्यापेक्षां खोबण प्रथम कोरड्या फडक्यानें पुसावी आणि मेणबत्तीचा तुकडा घासावा. पट्ट्यांच्या सांध्यांत पातळ तेलाचे थेंब सोडावेत व वरचें तेल पुसून घ्यावें. कुलपांत तेलहि नको. शिसपेन्सिलीची बारीक पूड पुरते.

पावसाळ्याचा शत्रु वेगळा. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त स्वतः झिजतें आणि लोखंडास वांचवितें, म्हणून लहानसहान ओरखड्याचें भय नसतें. पण सर्वांत खालची पट्टी साचलेल्या पाण्यांत उभी राहिली कीं हें कवच फार दिवस टिकत नाहीं. जून उजाडण्यापूर्वीं ती पट्टी घांसून, कोरडी करून तिला जस्ताचा रंग द्यावा, आणि उंबऱ्याचा उतार बाहेरच्या अंगास आहे ना तें तांब्याभर पाणी ओतून पाहावें. वरच्या पेटींत पारवे घरटें करतात, गांधीलमाशाहि पोळें धरतात. बरेच दिवस न उघडलेलें दार म्हणून हळूच उचलावें.

हल्लीं विजेच्या मोटारीवर चालणारीं दारें वाढलीं आहेत. त्यांत सोय आहे तसा धोकाहि आहे, कारण हाताला जो अडथळा जाणवतो तो मोटारीला जाणवत नाहीं. अमेरिकेंत स्वयंचलित दारांखालीं सांपडून मुलें दगावल्यामुळें १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या प्रत्येक घरगुती यंत्रास, वाटेंतील अडथळा ओळखणारा प्रकाशनेत्र किंवा तत्सम साधन जोडणें कायद्यानें बंधनकारक झालें. इकडील शटरांस ही सोय असेलच असें नाहीं. विकत घेतांना ती मागून घ्यावी, आणि दाराखालीं पुठ्ठ्याचें खोकें ठेवून दार थांबतें कीं नाहीं हें अधूनमधून पाहावें. बटण लहान मुलाच्या हाताच्या उंचीवर नसावें व जेथून दार दिसत नाहीं तेथें तर मुळींच नसावें. वीज गेल्यावर दार फिरविण्याचा दांडा पुष्कळ घरीं गॅरेजच्या आंतच, भिंतीवर टांगलेला आढळतो. गॅरेजला दुसरी वाट नसेल तर बंद दाराआड त्याचा उपयोग शून्य. तेव्हां तो राहत्या घरांत ठेवावा, आणि मोटार हातानें सोडविण्याची दोरी बाहेरून गांठतां येते कीं नाहीं हें बसविणाऱ्याकडून त्याच दिवशीं करवून पाहावें.