अलोप ध्वनिप्रत आणि संगीतसंग्रह

संगीताचा अंकीय संग्रह उभारणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा ध्वनिफितीच्या स्वरूपाविषयी असतो. एमपी-थ्री ठेवावी की फ्लॅक? उत्तर एका शब्दात देता येते. परंतु त्यामागील कारण नीट न उमजल्यास योग्य स्वरूप निवडूनही संग्रह सदोष राहतो. प्रस्तुत लेखात त्या कारणाचा विचार करावयाचा आहे.

ध्वनीचे अंकीकरण म्हणजे ध्वनिलहरीची ठराविक कालांतराने मापे घेणे होय. १९८२ साली प्रचारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर दर सेकंदास ४४,१०० मापे घेतलेली असतात आणि प्रत्येक माप १६ बिटांनी नोंदलेले असते. मापांची संख्या सर्वोच्च कंप्रतेच्या दुपटीहून अधिक असली पाहिजे, हा येथील नियम. मानवी श्रवणाची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ असल्याने ही संख्या पुरते. दोन वाहिन्यांच्या एका तासाच्या संगीतास अशा रीतीने सुमारे ६३५ दशलक्ष बाइट लागतात. हा विस्तार कमी करण्याचे मार्ग दोन आहेत.

व्याकरणातील परिभाषा येथे उपयोगी पडते. एका मार्गास सलोप व दुसऱ्यास अलोप संक्षेप म्हणावे. एमपी-थ्री ही सलोप पद्धती होय. प्रबळ नादाच्या सान्निध्यात दुर्बळ नाद कानास जाणवत नाही, या तत्त्वावर ती जो अंश ऐकू येणार नाही असे मानते तो गाळते अथवा स्थूलपणे नोंदते. सेकंदास १२८ किलोबिट या प्रमाणात मूळ विस्ताराचा सुमारे अकरावा हिस्साच उरतो. फ्लॅक या २००१ साली सिद्ध झालेल्या अलोप पद्धतीत मागील मापांवरून पुढील मापाचे अनुमान केले जाते आणि अनुमान व वास्तव यांतील फरक तेवढा थोडक्यात नोंदला जातो. स्वनविज्ञानात स्वरांचे अनुनाद शोधण्यासाठी आपण वापरतो ते रेषीय अनुमान तत्त्वतः हेच. उलगडताना अनुमानात फरक मिळविला की प्रत्येक माप जसेच्या तसे परत येते. विस्तार मात्र बहुधा मूळच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंतच घटतो.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. उच्च प्रमाणातील एमपी-थ्री आणि फ्लॅक यांतील भेद, कोणती प्रत कोणती हे न सांगता ऐकविल्यास, बहुतेक श्रोत्यांना ओळखता येत नाही. मग अलोप प्रतीचा आग्रह कशासाठी? आजच्या कानासाठी नव्हे; उद्याच्या प्रतीसाठी. पाणिनीय व्याकरणात लोप पावलेल्या प्रत्ययाचे कार्य मागे उरते, त्यामुळे तो नियमाने जाणता येतो. सलोप संक्षेपात गळालेला अंश असा कोणत्याही नियमाने परत मिळत नाही. एमपी-थ्रीचे पुन्हा नव्या सलोप स्वरूपात रूपांतर केले की लोपावर लोप चढतो. तबल्याच्या आघातापूर्वी उमटणारी अस्पष्ट पूर्वच्छाया हा अशाच संक्षेपाचा परिचित दोष होय. एमपी-थ्रीची फ्लॅक केल्याने काही साधत नाही. वर्णपटलेखात सुमारे १६,००० हर्ट्झच्या वर अकस्मात पोकळी दिसली तर अशा रूपांतराची शंका घ्यावी.

तथापि अलोप प्रत म्हणजे निर्दोष प्रत नव्हे. ती समोर आलेल्या ध्वनीशी एकनिष्ठ असते, मूळ गायनाशी नव्हे. जुन्या लाखेच्या तबकड्यांच्या बाबतीत हा भेद महत्त्वाचा ठरतो. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यास गौहर जान यांचे गायन मुद्रित केले, त्या काळी मुद्रणाचा वेग सर्वत्र एकसारखा नव्हता. मिनिटास ७५ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजविली तर वेग ४ टक्क्यांनी वाढतो आणि गायकाचा स्वर पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराच्या सुमारे दोन-तृतीयांशाने चढतो. स्वरवर्णांचे अनुनादही त्याच प्रमाणात सरकतात. म्हणजे गायकाची पट्टी आणि उच्चार दोहोंविषयीचे अनुमान चुकते. दीर्घवादन तबकडीची बारीक सुई अशा रुंद खाचेत तळाशी घासते व खरखर वाढविते. हे सारे दोष फ्लॅक तंतोतंत जतन करील.

म्हणून क्रम असा असावा. प्रथम उपलब्ध तबकड्यांपैकी सुस्थितीतील निवडावी, ती स्वच्छ करावी, योग्य सुई व वेग ठरवावा. नंतर २४ बिट आणि सेकंदास निदान ४८,००० मापे या प्रमाणात, खरखर न काढता, मूळ प्रत घ्यावी. शोधन करावयाचे ते दुसऱ्या प्रतीवर. ऐकण्यासाठी एमपी-थ्री हवी असल्यास तीही त्या मूळ प्रतीवरूनच करावी. फ्लॅकमध्ये मूळ मापांची एक अंकमुद्रा नोंदलेली असते. तिच्या आधारे प्रत अबाधित आहे की नाही हे वेळोवेळी तपासावे, आणि एक प्रत अन्य इमारतीत ठेवावी.

सूचीचे कार्यही तितकेच दक्षतेचे आहे. मालकंस व मालकौंस ही एकाच रागाची नावे यंत्रास दोन वाटतात. तेव्हा एक प्रमाण रूप ठरवून पर्यायी रूपे स्वतंत्र नोंदवावीत. तबकडीचा क्रमांक, वापरलेली सुई व गृहीत धरलेला वेग यांची नोंद अवश्य असावी. वेगाविषयीचा आपला निर्णय पुढील संशोधकास अमान्य झाला तर या नोंदीवरून तो दुरुस्त करता येईल. आणि अंकीकरण झाले म्हणून मूळ तबकडी टाकून देऊ नये. आपल्या वाचनावरील अपील तिच्याकडेच करावयाचे असते.