बांधकाम प्रकल्पाचे नेतृत्व (भाग ५) : टाळेबंदीतली खर्ची

मागच्या भागात आपण कामाचे वेळापत्रक कसे आखतात ते पाहिले. ते वेळापत्रक अख्खेच्या अख्खे निरुपयोगी ठरते तेव्हा प्रकल्पप्रमुखाने काय करायचे, हा आजचा विषय.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली आणि साइट जिथल्या तिथे थांबल्या. १५ एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयाने नवे नियम काढले. २० एप्रिलपासून शहरांतली चालू बांधकामे पुढे नेता येणार होती, पण एका अटीवर : मजूर साइटवरच राहणारे हवेत, बाहेरून कोणाला आणायचे नाही. म्हणजे मधल्या चार आठवड्यांत ज्याने आपली माणसे सांभाळली, त्यालाच या मुभेचा उपयोग होता.

सांभाळायची म्हणजे नेमके काय? लेबर कॅम्पातला बिगारी किंवा सेंटरिंगवाला सहसा कंपनीच्या पगारपत्रकावर नसतो. तो मुकादमाचा माणूस, मुकादम पेटी कंत्राटदाराचा, पेटी कंत्राटदार मुख्य कंत्राटदाराचा. आठवड्याला खर्ची मिळते, बाकीचा हिशेब बहुतेकदा गावी जाताना. काम थांबले की बिल थांबते आणि ‘वरूनच पैसे आले नाहीत’ हे उत्तर एकेक पायरी खाली उतरत जाते. मजुरी न कापता ठरल्या दिवशी द्या, असा आदेश केंद्राने २९ मार्चलाच काढला होता. तो शेवटच्या माणसाच्या हातात रुपयांच्या रूपाने पोचवणे हे साइटवरच्या प्रमुखाचे काम होते. पेटी कंत्राटदाराचे अडकलेले बिल आधी सोडायचे, खर्ची आपल्यासमोर वाटायला लावायची, कॅम्पात किराणा भरायचा, एका खोलीतली माणसे कमी करायची. आणि काम कधी सुरू होईल हे ठाऊक नसेल, तर तसे सरळ सांगायचे. मला हे शेवटचे सर्वांत अवघड वाटते, कारण इंजिनिअरला तारीख देण्याची सवय असते.

१ मेपासून श्रमिक रेल्वेगाड्या सुटू लागल्या. ज्याला गावी जायचे त्याचा हिशेब चुकता करून त्याला जाऊ देणे, हेच योग्य होते. हिशेब अडवून माणूस थांबवणाऱ्याला मी प्रकल्पप्रमुख म्हणणार नाही.

कागदावर कंत्राटदारांना बरीच सवलत मिळाली. मे महिन्यात केंद्राने आपल्या कंत्राटांना सहा महिन्यांपर्यंत मुदतवाढ दिली, शिवाय झालेल्या कामाच्या प्रमाणात बँक हमी सोडायला सांगितले. त्यातून हाती आलेला पैसा मजुरीकडे वळला तरच त्याचा अर्थ.

आता मूळ मुद्दा. तेव्हा लागू असलेल्या १९९६ च्या कायद्यांनुसार बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर गोळा होत असे आणि तो कामगार कल्याण मंडळाकडे जात असे. या निधीतून एप्रिल २०२० मध्ये महाराष्ट्राने प्रत्येकी २००० रुपयांची मदत जाहीर केली, ती फक्त नोंदीत कामगारांसाठी. नोंदणीला वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो दाखला कंत्राटदाराच्या सहीशिवाय अनेकांना मिळतच नाही. साथ आल्यावर हा कागद तयार करायला वेळ नव्हता. साइट चालवणाऱ्या प्रत्येक वाचकाला म्हणून विनंती आहे : या आठवड्यात आपले मस्टर काढा, ९० दिवस कोणाचे भरले ते पाहा आणि त्यांच्या दाखल्यांवर सह्या करा.