चौकोनातून चौकात

एलिओ ओइतिसिका या ब्राझीलच्या चित्रकाराने 1957-58 मध्ये पुठ्ठ्यावर जलरंगाने आयतांची चित्रे केली. ‘मेटाएस्केमा’ हे त्यांचे नाव. रांगेत बसवलेले आयत, पण प्रत्येक जरासा कललेला. पाहताना वाटते, आता हे सरकणार.

पुढे ते खरोखरच सरकले. 1959च्या सुमारास त्याने रंगवलेल्या लाकडी फळ्या छतावरून टांगल्या. भिंत सुटली, चित्राला मागची बाजू मिळाली आणि बघणाऱ्याला भोवती फिरणे भाग पडले. 1960 मध्ये तो आणखी पुढे गेला. त्याने माणूस आत शिरेल एवढी रंगीत खोली केली. तिच्या फळ्या सरकवता येत. आत शिरलेला माणूस हाताने फळी हलवी, की रंगांची मांडणी बदले. इथे प्रेक्षकच चित्र पुरे करतो, आणि माझ्या मते खरी झेप हीच.

1977 मध्ये त्याने ‘मॅजिक स्क्वेअर क्रमांक 5’ आखला. इंग्रजीत ‘स्क्वेअर’ म्हणजे चौकोनही आणि चौकही. त्याला दोन्ही हवे होते. (आपल्या भाषेतही हे दोन शब्द सख्खे आहेत.) 1980 मध्ये, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. चौक उभा राहिला तो त्याच्यामागे, मिनास जेराइस राज्यातल्या इन्योतीं या कला-उद्यानात, त्याच्याच आराखड्यांवरून. उघड्या आभाळाखाली पिवळ्या, गुलाबी, नारिंगी, पांढऱ्या उंच भिंती. एके ठिकाणी पारदर्शक निळे छत. ऊन चढले की त्याचा निळा उजेड खाली उभ्या माणसांच्या अंगावर पडतो.