तोडीचा निरोप पोचला का?
मोबाईलच्या अडचणी आणि घरच्या घरी तपासणी



लागणीपासून तोडीपर्यंत आपण उसाला पोटच्या पोराप्रमाणे जपतो. आणि शेवटी एका निरोपावाचून टोळी फडावरून माघारी जाते, ही गोष्ट मनाला लागणारी आहे. गेल्या हंगामात आपल्याकडे असेच घडले. ओढ्यापलीकडच्या मळ्यातील एका वयस्कर सभासदांच्या खोडव्याची पाळी आली. ऑफिसातून मेसेज गेला, चिटबॉयने दोनदा फोन लावला. फोन बंद! टोळी पुढच्या फडात गेली. पुन्हा पाळी येईपर्यंत तीन आठवडे गेले. मार्चचे ऊन, विहिरीचे पाणी तुटलेले. ऊस वाळला, वजन घटले.

ते ऑफिसात आले तेव्हा मी पटकन बोलून गेलो, "अण्णा, मेसेज टाकला होता की!" ते म्हणाले, "सायेब, तुमी टाकला आसंल, पर मला गावला न्हाई. मग त्यो टाकला म्हनायचा का?"

मला उत्तर देता आले नाही. चौकशी केली तर नोंदीत त्यांच्या मुलाचा जुना नंबर निघाला. मुलगा गलाईच्या धंद्यानिमित्त परमुलखात. त्याने तो नंबर केव्हाच सोडलेला. आणि नोंद घेताना आम्हीही तो लावून पाहिला नव्हता. म्हणून हा लेख.

विहिरीवरची मोटर चालू झाली नाही तर आपण लगेच ती वर काढत नाही. आधी लाईट आहे का पाहतो, मग फ्यूज, मग स्टार्टर. मोबाईलचेही तसेच क्रमाने पाहावे.

१) नंबर व रिचार्ज : कारखान्याच्या नोंदीत कोणता नंबर आहे हे आधी पाहा. नंतर रिचार्जची मुदत पाहा. "मला कुठं फोन करायचाय, येणारा तेवढा घेतो" असे पुष्कळजण म्हणतात. परंतु मुदत संपल्यावर काही दिवसांनी येणारे फोन व मेसेजही बंद होतात. नंबर बराच काळ बंद राहिला तर कंपनी तो दुसऱ्याला देऊ शकते. मग आपल्या तोडीचा निरोप परक्याच्या घरी!

२) रेंज : टेंभूचे पाणी आले आणि विटा-खानापूरच्या माळावर ऊस उभा राहिला, पण खोलगट शिवारात टॉवरची लाट पोचतेच असे नाही. शेजाऱ्याचे त्याच कंपनीचे कार्ड तिथे चालते का पाहा. त्याचेही चालत नसेल तर दोष टॉवरचा. बांधावर, उंचावर जाऊन फोन बंद करून पुन्हा चालू करावा. शेजाऱ्याचे चालत असेल तर आपले कार्ड दुसऱ्याच्या फोनमध्ये घालून पाहा. तिथे चालले तर आपला फोन बिघडला आहे. तिथेही चालले नाही तर दोष कार्डात किंवा कंपनीकडे. तक्रारीसाठी १९८ हा नंबर आहे. तसेच जिओचे कार्ड ४जी नसलेल्या जुन्या बटणाच्या फोनमध्ये चालत नाही, हे ध्यानात ठेवावे.

३) रेंज आहे, पण फोन वाजत नाही : विमानाचे चिन्ह किंवा चंद्राचे चिन्ह चुकून चालू झाले आहे का पाहा, नातवंडांच्या हाती फोन गेला की हे हमखास होते. तो नंबर 'ब्लॉक' झाला आहे का पाहा. आपले फोन दुसऱ्याच नंबरवर वळवले गेले असतील तर ##००२# लावावा, सर्व वळवण्या रद्द होतात. दोन कार्डांच्या बहुतेक फोनमध्ये एका कार्डावर बोलणे चालू असताना दुसरे कार्ड लागत नाही. त्यामुळे हंगामात नोंदीच्या नंबरवर न आलेला फोन म्हणजे चिटबॉयची चूकच, असे धरू नये.

४) मेसेज येत नाही : फोन बंद असला तर मेसेज कंपनीच्या केंद्रात थांबतो व पुन्हा पुन्हा पाठवला जातो, पण ठराविक मुदतीपर्यंतच. नंतर तो रद्द होतो. साध्या फोनची पेटी भरली असेल तर नवा मेसेज आत येत नाही, जुने पुसून टाकावेत. मोठ्या फोनमध्ये 'स्पॅम'च्या कप्प्यातही पाहावे. त्याच नंबरचे कार्ड बदलून नवीन घेतले असेल तर पहिले २४ तास मेसेज बंद असतात; ही फसवणुकीविरुद्धची सोय आहे, बिघाड नव्हे.

५) मराठी मेसेज अर्धवट किंवा चौकोन-चौकोन दिसतो : इंग्रजी मेसेजमध्ये १६० अक्षरे बसतात, मराठीत फक्त ७०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी स्वतंत्र मोजतात. 'तोडणी' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा, मोबाईलच्या हिशोबी पाचांचा. त्यामुळे लांब निरोपाचे तुकडे होतात. एखादा तुकडा मागे राहिला की वाक्य तुटते. ज्या फोनमध्ये मराठी अक्षरेच नाहीत तिथे चौकोन उमटतात. असे झाल्यास अंदाज न बांधता गट ऑफिसात विचारावे.

६) आपला मेसेज जात नाही : बहुतेक योजनांत दिवसाला १०० मेसेजची मर्यादा असते. ती संपली नसेल आणि फोन लागतो पण मेसेज तेवढा जात नाही, तर फोनमधील मेसेज केंद्राचा नंबर पुसला गेला असण्याचा संभव आहे. तो दुकानदाराकडून किंवा कंपनीकडून पुन्हा भरून घ्यावा.

एक सावधगिरी. "तुमचं ऊसबिल अडकलंय, आलेला ओटीपी सांगा" असा फोन आला तर तो लबाडाचा समजावा. ऊसबिलासाठी ओटीपी सांगावा लागत नाही. फसगत झाल्यास ताबडतोब १९३० वर कळवावे. जितका उशीर तितके पैसे हाती लागणे अवघड.

आता आमच्या बाजूचे. ऊसनोंद घेताना सभासदाचा नंबर तिथेच लावून पाहायचा आणि दोनदा फोन लागला नाही तर घरी माणूस पाठवायचा, असे मी गटातील कर्मचाऱ्यांना सांगितले आहे. आपणही हंगामापूर्वी एकदा गट ऑफिसात येऊन नंबर खात्री करून घ्यावा आणि घरातील दुसरा एक नंबर जोडून द्यावा. तो शक्यतो गावात राहणाऱ्याचा असावा. पाच मिनिटांचे काम आहे.

त्या अण्णांनी या वर्षी स्वतःचा नंबर दिला, सुनेचाही दिला. जाताना म्हणाले, "आता बगू, कोन पोचतंय आदी, टोळी का निरोप!" निरोपच आधी पोचला पाहिजे. ती जबाबदारी आपणा दोघांची आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी