जुळ्या कोकरांचा हिशोब

ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत मांसासाठी गुरे पाळणारे लोक वळू निवडताना नुसते वजन बघत नाहीत. त्याच्या पोटच्या कालवडी वेळेवर गाभण राहतात का, वासरे जगतात का, याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी तपासतात. आपल्या राज्यात 1976 च्या कायद्याने गाईची आणि 2015 पासून बैल-वळूचीही कत्तल बंद झाली. त्यामुळे बुलढाणा जिल्ह्यातल्या कुरेशी बांधवांना आणि जनावरांत पैसा घालणाऱ्या व्यापाऱ्यांना हे शास्त्र लागू पडते ते मेंढी-बकरीत.

आपली दख्खनी मेंढी काटक, पण वेताला बहुधा एकच कोकरू देते. वर्षभर चारून एकच नग हाती. यावर काम झाले ते सातारा जिल्ह्यात, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत. बंगालच्या सुंदरबनात गारोळ नावाची लहानशी मेंढी आहे. अंगाने किरकोळ, पण जुळी-तिळी देणारी. 1792-93 मध्ये कलकत्त्याहून जहाजाने सिडनीला गेलेल्या बंगाली मेंढ्यांतूनच ऑस्ट्रेलियातल्या प्रसिद्ध ‘बूरूला’ मेंढीत हा गुण उतरला, असे मानतात. 2001 मध्ये शास्त्रज्ञांनी त्यामागचे जनुक नेमके शोधले. त्याचे नाव फेक-बी. फलटणला गारोळचे हे जनुक दख्खनी कळपात आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार झाली. जनुकाची एक प्रत असलेली मेंढी शंभर वेतांमागे साधारण चाळीस-पन्नास कोकरे जास्त देते. दोन प्रती असल्या तर तिळी वाढतात आणि ती अशक्त निघतात, म्हणून धनगराच्या कळपाला एकच प्रत बरी.

आता आपल्या सौद्याची गोष्ट. कळपात सर्वांत भरदार दिसणारा नर बहुधा एकटा जन्मलेला असतो. आईचे सगळे दूध त्याचेच. जुळ्यातला नर त्याच्यापुढे फिका दिसतो. आपण डोळ्यांनी बघून भरदार नर पैदाशीला ठेवतो, म्हणजे नकळत जुळ्यांचा गुणच कळपातून काढून टाकतो. कापडाचा पोत बोटाला कळतो, नराच्या पोटातला हा गुण कळत नाही. तो त्याच्या मुलींत दिसतो, तोही दोन वर्षांनी. रक्ताच्या नमुन्याची तपासणी किंवा नराच्या आईच्या वेतांची नोंद, हे दोनच मार्ग आहेत. धनगराला वही नको असते, पण कानाला खाच पाडून जुळ्यातली कोकरे वेगळी ओळखता येतात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुळी जन्मली म्हणजे बरकत आली असे नव्हे. जगली तर बरकत. जुळी कोकरे वजनाने कमी असतात, थंडीत आणि कळपाच्या वाटचालीत आधी तीच दगावतात. गाभण मेंढीला शेवटचा दीड महिना आणि विल्यावर काही आठवडे सरकीची ढेप किंवा भरडा, सोबत तुरीचे-हरभऱ्याचे कुटार दिले पाहिजे. आंत्रविषाराची लस विण्याच्या महिनाभर आधी टोचली, तर तिची ताकद चिकातून कोकराला मिळते. पहिल्या तासाभरात दोन्ही कोकरांना चीक पाजणे हे तर हातचे काम. खामगावच्या पट्ट्यात ढेप-सरकीची वाण नाही. ज्याला हा खर्च झेपत नाही त्याने जुळ्यांच्या नादी लागू नये, साधी दख्खनीच बरी.

अर्ध्या वाट्याने मेंढ्या ठेवणाऱ्यांनी करारातच खुराकाचा खर्च कोणाचा ते ठरवावे. नफा दोघांचा आणि ढेप एकट्या धनगराची, असला व्यवहार आपल्या शरीयतच्या तराजूतही बसायचा नाही. नर आणायचा तर तपासणीचा कागद मागून घ्यावा. एक नर पंचवीस-तीस माद्यांना पुरतो, आणि त्याच्या मुली फळायला येण्याआधी, म्हणजे दोन वर्षांच्या आत, तो बदलावा.