कुमारी : गर आणि काळाबोळ

कोरफड मूळची अरबस्तानातील. आपल्याकडे ती आता कुंपणाकुंपणाला रुजली आहे. भावप्रकाशात कुमारी भेदनी, शीत व तिक्त सांगितली आहे. हे भेदनकर्म प्रामुख्याने सालीलगतच्या पिवळ्या चिकाचे. तोच आटवून काळाबोळ होतो आणि रजःप्रवर्तनी वटीत पडतो. आतील पारदर्शक गर मात्र दाहशामक व त्वच्य. ‘कोरफडीचा रस’ या एकाच नावाखाली दोन्ही विकले जावेत, हे आम्हांस घातक वाटते. पान कापून उभे ठेवावे, चीक पुरता निथळू द्यावा, मगच गर काढावा. गर्भिणीस काळाबोळ सर्वथा वर्ज्य. अमेरिकेने २००२ साली चिठ्ठीविना मिळणाऱ्या रेचकांतून तो वगळला. कुमार्यासव सिद्ध करणाऱ्यांनी स्वरस चिकासह घेतला की चिकाविना, हे वेष्टनावर अवश्य छापावे.