दहा वॅटची श्रीमंती

बँकेत तेहेतीस वर्षं काढल्यामुळे मला एक खोड लागली आहे. समोरचा कितीही गोड बोलत असला, तरी आधी ताळेबंद मागायचा. निवृत्तीनंतर घरातली जुनी स्टीरिओ यंत्रणा सुधारायची ठरवली आणि व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरची चौकशी सुरू केली, तेव्हा ही खोड फार कामाला आली. कारण या विषयातली माणसं फारच गोड बोलतात. व्हॉल्व्हचा आवाज म्हणे ‘उबदार’ असतो, ‘जिवंत’ असतो, गायक ‘समोर येऊन बसतो’. यातलं एकही विशेषण ताळेबंदात मांडता येत नाही.

घरून विरोध नव्हता. अडचण होती ती कानांच्या डॉक्टरांनी काढलेल्या आलेखाची. तीन हजार हर्ट्‌झपर्यंत माझी श्रवणशक्ती बरी होती आणि तिथून पुढे घाट उतरावा तशी रेषा खाली गेली होती. मुलगा म्हणाला, “बाबा, एवढं भारी यंत्र घेऊन तुम्हांला त्यातलं ऐकू किती येणार?” प्रश्न लागणारा होता, पण रास्त होता. मुदत थोडी उरलेली असताना भांडवल गुंतवावं का, हा प्रश्न मी स्वतः कित्येक अर्जदारांना विचारलेला आहे.

आधी व्हॉल्व्ह म्हणजे काय ते सांगतो. ज्यांच्या घरी मोठा लाकडी रेडिओ होता त्यांना आठवत असेल, बटण फिरवलं की लगेच आवाज येत नसे. आत काहीतरी तापावं लागे. त्या तापणाऱ्या काचेच्या नळ्या म्हणजे व्हॉल्व्ह. इंग्लंडमध्ये जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ साली पहिला व्हॉल्व्ह केला. दोनच वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तारेची जाळी बसवली. हवा काढून टाकलेल्या नळीत तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि अडीचशे-तीनशे व्होल्ट दाब असलेल्या पट्टीकडे धावतात. वाटेतल्या जाळीवर गाण्याचा अगदी दुबळा संकेत दिला, की त्याच्या चढउतारांप्रमाणे हा सगळा प्रवाह कमीजास्त होतो. बँकेच्या भाषेत सांगायचं, तर अधिकाऱ्याची छोटीशी सही आणि तिजोरीतून हलणारी मोठी रक्कम.

१९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि व्हॉल्व्हची सद्दी हळूहळू संपली. एके काळी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही व्हॉल्व्ह तयार होत. ते शौकीन आजही जुन्या बाजारात शोधत असतात. नवे येतात ते मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून. मार्च २०२२ मध्ये रशियातून होणारी निर्यात अडली, तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांचे धाबे दणाणले होते.

माझा ॲम्प्लिफायर बांधला तो पुण्यातल्या एका जुन्या रेडिओ-कारागिरांनी. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, बोलणं मोजकं. मी व्हॉल्व्हच्या जातींविषयी वाचून गेलो होतो. ते म्हणाले, “साहेब, व्हॉल्व्ह कुणीही लावील. जीव ट्रान्सफॉर्मरमध्ये असतो.” पुढे त्यांनी समजावून दिलं ते असं. व्हॉल्व्ह देतो जास्त दाब आणि थोडा प्रवाह. आठ ओहमच्या स्पीकरला हवा असतो थोडा दाब आणि जास्त प्रवाह. ही मोड करून देणारा ट्रान्सफॉर्मर नीट गुंडाळलेला नसेल, तर खर्जही जातो आणि वरचे बारकावेही जातात. तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे आणि जाड तारेचे थोडे, एकात एक थर घालून बसवावे लागतात. असे दोन ट्रान्सफॉर्मर करायला त्यांनी तीन आठवडे घेतले. त्यांच्या जोडीला ईएल ८४ जातीचे चार व्हॉल्व्ह, प्रत्येक बाजूला दोन. शक्ती निघाली दर बाजूला सुमारे दहा वॅट.

“फक्त दहा?” मुलगा हसला. त्याच्या पेटीवर काही शे वॅटचा आकडा छापलेला आहे. पण इथलं अर्थशास्त्र मजेदार आहे. आवाज कानाला साधारण दुप्पट वाटायचा तर शक्ती दहापट लागते. दहापट भांडवल आणि दुप्पट उत्पन्न, असा धंदा कुठली बँक मंजूर करील? बेताच्या खोलीत, निगुतीने ऐकताना, बहुतेक वेळ एखाद-दोन वॅटच खर्ची पडतात. मात्र एक अट आहे. स्पीकर असा हवा की थोड्या शक्तीतही चांगला बोलेल.

आता ‘उबदार’ या विशेषणाचा हिशेब. कुठल्याही स्वराबरोबर त्याचे वरचे सहस्वर असतात. दुसरा म्हणजे वरचा षड्ज, तिसरा पंचम, पाचवा गंधार. व्हॉल्व्ह, विशेषतः एकटा असताना, मूळ स्वरात किंचित स्वतःची भर घालतो आणि ती बरीचशी वरच्या षड्जाची असते. ती कानाला खुपत नाही, उलट आवाज भरल्यासारखा वाटतो. जोडीने लावलेल्या व्हॉल्व्हमध्ये ही भर पुष्कळशी एकमेकांत कटते. ताण वाढला तर व्हॉल्व्ह हळूहळू दबतो. ट्रान्झिस्टर लाट एकदम छाटतो आणि छाटल्याचा आवाज कर्कश येतो. म्हणजे काटेकोरपणे बोलायचं, तर मोजमापात चांगला ट्रान्झिस्टरच पुढे. शिवाय साठ वर्षांपूर्वीच्या बहुतेक ध्वनिमुद्रिका व्हॉल्व्हच्याच यंत्रांवर मुद्रित झाल्या. तो ‘उबदारपणा’ तबकडीत आधीच उतरलेला आहे.

तेव्हा ज्यांना घरची यंत्रणा सुधारायची आहे, त्यांना माझा सल्ला खर्चाच्या क्रमाचा. पहिल्यांदा स्पीकर भिंतीपासून आणि कोपऱ्यातून पुढे ओढून पाहा. याला पैसे पडत नाहीत. मग रेकॉर्ड प्लेयरची सुई. मग स्पीकर. ॲम्प्लिफायर शेवटी. घसारा धरायला विसरू नका. शेवटच्या टप्प्यातले व्हॉल्व्ह काही हजार तास चालतात, मग बदलावे लागतात. वीज थोडी जास्त जाते. शंभर वॅट धरले तर रोजच्या दोन तासांना महिन्याला सहा युनिट. आणि यंत्र बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब राहू शकतो. झाकण उघडण्याचं काम जाणकाराचंच.

मग मी तो घेतला तरी का? एक तर माझ्या आलेखातली रेषा जिथे घसरते, त्याच्या खालीच गाण्याचा बहुतेक संसार आहे. काळी एकचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्‌झ, काळी चारचा सुमारे २०८. तिथून तारसप्तकापर्यंतचा सारा प्रदेश अजून माझ्या ताब्यात आहे. दुसरं कारण यंत्राच्या स्वभावाचं. ते तापायला वेळ घेतं, झिजतं, म्हणून उगाच चालू ठेवता येत नाही. संध्याकाळी साडेसहाला बटण लावायचं, चहा होईपर्यंत थांबायचं आणि मग मल्लिकार्जुन मन्सूर लावून दुसरं काहीही न करता बसायचं. नोकरीत असताना गाणं माझ्या कामाच्या मागे वाजत असे. आता ते समोर असतं.

गेल्या महिन्यात नऊ वर्षांची नात शेजारी येऊन बसली. म्हणाली, “आबा, डाव्या बाजूला काहीतरी सुसू वाजतंय.” मला काहीच ऐकू येत नव्हतं. कारागिरांना फोन केला. त्यांनाही ऐकू येईना. तिच्या साक्षीवर विसंबून त्यांनी पुढचा छोटा व्हॉल्व्ह बदलला आणि तिने मान डोलावली. नंतर मी तिला तंबोऱ्याची रेकॉर्ड लावून दिली आणि विचारलं, “खर्जाच्या तारेत गंधार लागलेला ऐकू येतो का?” नाही म्हणाली. सहाव्या-सातव्या आवर्तनाला मी हलकेच तो स्वर गुणगुणून दाखवला. ती थोडा वेळ डोळे मिटून बसली आणि मग ओरडली, “आहे! पण तो कुणी वाजवतच नाहीये!”

आता साडेसहाला आम्ही दोघं बसतो. वरचं ती ऐकते, मधलं मी.